खोकड शेळीचं करडू मारतं का? कोंबड्या तर चालल्याच आहेत

गंगाखेडकर
राम राम मंडळी. आमचं शेत गंगाखेड तालुक्यात डोंगरपट्ट्यात आहे, खाली थोडं काळं रान नी वर सगळा मुरमाड माळ. आखाड्यावर (म्हणजे शेतातल्या गोठ्यावर) उस्मानाबादी शेळ्या, गावरान कोंबड्या, एक कुत्रं नी रात्री झोपायला गडी. ज्वारी काढायला लागल्यापासून कोंबड्या कमी व्हायल्यात, कधी एक कधी दोन, सकाळी बघावं तर पिसं पडलेली नी बाकी काहीच नाही. तेवढं एक वेळ चालतं पण काल पहाटे करडू मेलं. महिन्याभराचं असंल. मागची मांडी नी पोट फाडलेलं, मांस फारसं खाल्लेलं नाही, अन् दुसऱ्या एका शेळीच्या कानाला नी मांडीला चावलंय, ती जगली. गडी म्हणतो मला काही ऐकूच आलं नाही (झोपला असंल, दुसरं काय).

आता माळावर खोकडाचं (कोल्ह्याहून लहान असतं ते, इंग्रजीत फॉक्स) बीळ आहे हे अख्ख्या गावाला माहिती. मी सोता बघितलंय, नर-मादी दोघं दिवस बुडताना बाहेर येऊन बसतात. त्यामुळं सगळ्यांचं बोट तिकडंच. शेजारचे काका म्हणले मटणाला थिमेट (पिकावरच्या किडीचं विषारी औषध) लावून टाक, दोन दिवसात मोकळा होशील. घरचे पण तेच म्हणायलेत. मला ते पटंना. विचारायचं असं की एवढंसं जनावर करडू मारू शकतं का, ते शिकार नेमकी कशी करतं, नी कोंबड्या वाचवायला काय करावं. अनुभव असंल त्यानंच बोला, यूट्यूबची लिंक नको.

लातूरी_पाटील
खोकडच आहे. आमच्या चुलत्याच्या कोंबड्या अशाच गेल्या सगळ्या. बिळात धूर केला, विषय संपला.

माळकरी_धाराशिव
पाटील, विषय संपला म्हणता पण कोंबड्या जायच्या थांबल्या का ते नाही सांगितलं :)

गंगाखेडकर भाऊ, मला फोटोचा नाद आहे, येडशी, भूम नी पलीकडं नान्नजच्या माळापर्यंत ही जनावरं बघत हिंडतो. आपल्याकडचं खोकड म्हणजे दोन ते साडेतीन किलोचं जनावर, केसांमुळं नी झुबकेदार शेपटीमुळं मोठं दिसतं इतकंच. शेपटीचं टोक काळं असतं, ती खूण लक्षात ठेवा. महिन्याभराचं उस्मानाबादी करडू पाच किलोच्या आसपास भरतं. आपल्यापेक्षा जड पिल्लू, वर शेजारी शिंगं रोखून त्याची आई, असल्या भानगडीत खोकड पडत नाही. नुकतं जन्मलेलं, अशक्त, कळपामागं राहिलेलं असंल तर गोष्ट वेगळी.

शिकारीचं विचारलंत म्हणून सांगतो. भूमकडं एकदा ज्वारी काढलेल्या रानात बसलो होतो, कडब्याच्या पेंढ्या अजून रानातच होत्या, दिवस बुडायला आलेला. खोकड बांधावरून उतरलं. चार पावलं चालायचं, थांबायचं, डोकं एका बाजूला कलतं करायचं नी कान पुढं रोखायचे. पेंढीखाली उंदीर कुरतडायला लागला की त्याला ते ऐकू येतं, दिसायची गरजच नाही. मग मागच्या पायांवर दबलं, शेपूट सरळ केली नी एकदम वर उडालं, नी खाली येताना पुढचे दोन्ही पंजे एकाच जागी पेंढीच्या बुडाशी. दाबून धरलं, तोंड घातलं, मानेत चावा, एक झटका, गिळलं. पुढच्या पेंढीकडं. मधेच नाकतोडा दिसला तर तोही सोडला नाही, दाताखाली कुरुमकुरुम वाजत होता. उंदराचं बीळ सापडलं तर उकरत पण बसतं, नाकावर माती, शिंका देत देत उकरायचं.

असलं त्याचं खाणं. उंदीर, भुंगेरे, टोळ, सरडे, टिटवीची नी लाव्याची अंडी, जमलं तर सशाचं पिल्लू, बोरं, जांभळं, वाळकं-टरबूज. पहिल्या पावसात वाळवीला पंख फुटून ती जमिनीतून बाहेर पडते तेव्हा तर चंगळच. नान्नजला आबी तमीम वनक नी मॅथ्यू गॉम्पर या दोघांनी खोकड काय खातं नी मोकाट कुत्री काय खातात याचा अभ्यास केला होता, २००९ ला छापून आला. खोकडाचं मुख्य खाणं उंदीर नी किडे, नी कुत्र्यांचं बरंचसं माणसाच्या उष्ट्यावर नी मेलेल्या जनावरांवर. दोघांच्या ताटात फार काही सारखं नव्हतं. अन् कुत्री जिथं फिरतात तिथं खोकड बिचकून असतं, समोर खाणं दिसत असून मागं सरतं.

कोंबड्यांचं मात्र मी खोकडाच्या बाजूनं बोलणार नाही. हे दिवस त्यांच्या पिल्लांचे, फेब्रुवारी ते एप्रिलमधे पिल्लं होतात, दोन ते चार, त्यात ज्वारी निघाली की रानातला आडोसा जातो. उघड्यावर बसलेली कोंबडी दिसली तर नेणारच.

पशुवैद्य_आप्पा
नोकरीत असताना असले पंचनामे पुष्कळ केलेत, मराठवाड्यातच. करडू पुरलं का? पुरलं नसेल तर आधी ते बघा, गावगप्पा नंतर.

हातमोजे घाला, नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या दुहेरी बांधा, तोंडाला नी लाळेला हात लावायचा नाही. जिथं चावलंय तिथलं कातडं सोलून आतली बाजू बघा. जिवंतपणी चावलं असेल तर कातड्याखाली रक्त साकळून काळं-जांभळं झालेलं दिसतं. मेल्यावर कोणी येऊन फाडलं असेल तर तिथं फिक्कं राहतं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण पुष्कळदा करडू पोटफुगीनं नाहीतर न्यूमोनियानं आधीच मेलेलं असतं, खोकड किंवा कोल्हा येऊन खातो, नी सकाळी तोच दिसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

नंतर चावे कुठं आहेत ते बघा. लांडगा नरडं धरतो, पिल्लू लहान असेल तर उचलूनच नेतो. कोल्हा करडाचं नरडं धरतो, मग बरगड्यांमागून पोट फाडून आतडी-काळीज आधी खातो. कुत्री मागनं पळत येतात म्हणून मांड्या, शेपूट, कान, पोटाची बाजू, जिथं तोंड लागेल तिथं, खूप चावे, फाटकेतुटके, नी खाणं कमी. एका रात्रीत दोन-तीन जनावरांना तोंड लावलेलं असतं. आणि शेवटी सुळ्यांच्या दोन भोकांमधलं अंतर मोजा. खोकडाचं इंचाच्या बरंच आत भरतं, मोठ्या कुत्र्याचं नी लांडग्याचं दीड इंचाच्या आसपास जातं.

जी शेळी जगली तिच्या जखमा साबण लावून वाहत्या पाण्यानं भरपूर वेळ धुवा नी आजच डॉक्टर बोलवून रेबीजची लस सुरू करा. कुत्रं असो की खोकड की कोल्हा, पिसाळणं तिघांनाही होतं. ज्यानं उघड्या हातानं जखम धुतली असेल त्यानंही दवाखान्यात दाखवावं. तिचं दूध पोरांना कच्चं देऊ नका.

धनगराचं_पोर
आप्पा बरोबर बोलले. लांडगा असता तर करडू तिथं दिसलंच नसतं भाऊ. आमच्या मेंढरात शिरतो तेव्हा एक जण एका बाजूनं दिसतो, कुत्री तिकडं धावतात नी दुसरा मागच्या बाजूनं कोकरू धरून पार. आवाज पण होत नाही. म्हणून आम्ही मेंढरं वाघरात (जाळ्याच्या कुंपणात) कोंडतो, कुत्री चारी अंगाला बांधतो, नी पहाटेच्या टायमाला एक माणूस जागाच असतो, कारण घात तेव्हाच होतो. खोकड तर आमच्या वाघराच्या बाजूनं रोजच जातं, उंदरं शोधत. मेंढराकडं बघत पण नाही. आमचं म्हातारं त्याला कधी दगड मारू देत नाही.

एक विचारतो, तुमच्या जवळपास कुठं पोल्ट्री फार्म आहे का? मेलेल्या कोंबड्या नाल्यात टाकत असतील तर तिथं गावची कुत्री जमतात नी त्यांना कच्च्या मांसाची चटक लागते. आम्ही आता अशा शिवारात मेंढरं बसवायचंच सोडलंय. लांडग्याला एक वेळ भीती असती माणसाची, या कुत्र्याला ती पण नाही.

गंगाखेडकर
आप्पा, करडू पुरलं नव्हतं, भाऊ म्हणला होता फॉरेस्टवाल्याला दाखवू म्हणून पोत्यात गुंडाळून ठेवलेलं. तुम्ही सांगितलं तसं गड्याला पिशव्या बांधायला लावून बघितलं. मांडीचं कातडं सोललं तर आत सगळं काळंनिळं, रक्ताच्या गाठी, बोट ठेवायला जागा नाही इतके दात. नरड्याला काहीच नाही. पोराच्या कंपासपेटीतली पट्टी आणून भोकं मोजली, एका ठिकाणी चांगली दोन भोकं शेजारी उमटलेली, साडेतीन सेंटीमीटरला थोडी वर. शेळीला लस दिली, गड्याला पण दवाखान्यात पाठवलं, जखम त्यानंच धुतली होती.

आन धनगरभाऊ, तुम्ही बघून गेल्यासारखं बोललात, पोल्ट्री आहे, नाल्याच्या पलीकडं. मेलेला माल तिथंच पडतो. कुत्र्यांची टोळी आम्ही रोज बघतो पण कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आमचं कुत्रं त्या दिवशी भुंकलं का नाही हे कोडं आता सुटलं, ते त्यांच्यातच असतं दिवसभर.

लातूरी_पाटील
करडाचं मान्य. मग कोंबड्या कोण नेतंय, पोल्ट्रीवाला?

माळकरी_धाराशिव
पाटलांचा मुद्दा बरोबर आहे. पिसं उचलून बघा भाऊ. घार-ससाण्यानं उपटलेली असली तर पिसाचं देठ टोकापर्यंत अखंड असतं. दातानं ओढलेली असली तर देठं चावून तुटलेली दिसतात, दोन-चार पिसं लाळेनं चिकटलेली पण असतात. मग खोकड, रानमांजर, मुंगूस, कोल्हा यापैकी कोणीतरी. ते ओळखायला कॅमेरा लागत नाही, खुराड्याभोवती चुलीतली राख चाळून पातळ पसरा संध्याकाळी. सकाळी पाऊल उमटलेलं दिसंल. मांजराच्या पावलाला नखं उमटत नाहीत, खोकडाच्या उमटतात, नी पाऊल अरुंद, लांबट असतं, चिंचोक्याएवढे ठसे बोटांचे.

नांदेड_ते_वेल्स
मी मूळ नांदेडचा, सध्या वेल्समधे असतो. इथं चारी बाजूला मेंढ्याच मेंढ्या नी हाच वाद वर्षानुवर्ष चालू आहे. इथलं तांबडं खोकड आपल्यापेक्षा चांगलं दुप्पट, पाच ते आठ किलोचं, ते नुकतं जन्मलेलं कोकरू नेतं हे खरं आहे. शेजारचा शेतकरी सांगतो की ते येतं मुख्य जार खायला. मेंढी व्यायली की जार पडते, वासानं येतं, नी तेवढ्यात जुळ्यातलं एक अशक्त पिल्लू बाजूला पडलेलं दिसलं की ते पण उचलतं. म्हणून तो व्यायला झालेल्या मेंढ्या शेडमधे घेतो नी जार लगेच उचलून टाकतो. तुमच्याकडं शेळ्या व्यायल्या की जार उकिरड्यावर टाकत असाल तर तेवढं बंद करा, खोल पुरा.

अजून एक. लोक म्हणतात ते मजा म्हणून मारतं, खुराड्यात शिरून सगळ्या कोंबड्या मारून एकच नेतं. त्याचं कारण असंय की रानात एक पक्षी धरला की बाकीचे उडून जातात. खुराड्यात कोणी उडूनच जात नाही, फडफड चालूच राहते नी त्याचं मारणं थांबत नाही. हान्स क्रुक नावाच्या संशोधकानं १९७२ मधे यावर लिहिलंय, इंग्लंडच्या किनाऱ्यावर समुद्रपक्षी जमिनीवर घरटी करतात, एकदम काळोख्या रात्री ते उडत नाहीत नी तिथंही खोकड असंच मारत सुटतं. फुरसत मिळाली तर उरलेलं एकेक नेऊन मातीत पुरून ठेवतं, नंतर खायला. सकाळी माणूस आधी येतो म्हणून ते सगळं वाया गेल्यासारखं दिसतं.

इथं २००४ च्या कायद्यानं कुत्र्यांचा ताफा घेऊन खोकडाची शिकार बंद केली इंग्लंड-वेल्समधे, त्याच्यावरून अजून भांडणं होतात.

आणि ती उडी! चेक देशात २०११ मधे अभ्यास छापून आला, उंच गवतात न दिसणाऱ्या उंदरावर उडी मारताना तांबडं खोकड बहुतेक ईशान्येकडं तोंड करतं नी त्या दिशेच्या उड्या जास्त यशस्वी होतात. पृथ्वीचं चुंबकत्व वापरत असावं असा त्यांचा अंदाज.

लातूरी_पाटील
ईशान्य म्हणजे देवघराची दिशा. खोकड पण वास्तुशास्त्र बघून जेवतंय म्हणायचं 😂

अंबाजोगाईची_ताई
माझ्याकडं गावरान कोंबड्या आहेत, अंड्यांचा धंदाच आहे, माळाला लागूनच आहे नी आमच्याकडं खोकड, मुंगूस, रानमांजर सगळे येऊन जातात. तरी कोंबडी जात नाही. त्याचं सांगते.

पहिलं म्हणजे ती षटकोनी भोकाची चिकन जाळी लोक लावतात ती कोंबडी आत ठेवायला बरी, बाहेरच्याला थांबवायला नाही. कुत्रं दातानं फाडतं. अर्धा इंची वेल्डमेश घ्या, महाग आहे पण एकदाच. दुसरं, खोकड उकरून येतं, नी ते अगदी भिंतीच्या बुडाशीच उकरतं. म्हणून जाळी खाली नेऊन बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट जमिनीत आडवी पसरायची नी वर माती-दगड. ते भिंतीला चिकटून उकरायला लागतं, जाळी लागते, मागं सरून उकरावं हे त्याला सुचत नाही. फरशी घालणार असाल तर उत्तमच, मुंगसाला तोच उपाय. दाराला नुसती तार गुंडाळू नका, कडी लावा, दाराच्या खाली दोन बोटं फट राहिली तर ती पण बुजवा.

तिसरं नी सगळ्यात महत्त्वाचं, कोंबड्या दिवस बुडायच्या आधी आत. आमच्याकडं ते काम सासूबाईंकडं, सिरियल सुरू व्हायच्या आधी कोंबड्या कोंडलेल्या असतात. तुमच्या गड्याची सवय बदला दादा, झाडावर बसणाऱ्या कोंबड्या पण पहाटे अंधारातच खाली उतरतात नी तिथंच जातात. खुडूक कोंबडी नी पिल्लं तर डालग्याखाली (मोठ्या टोपलीखाली) झाकून वर दगड, उघड्यावर एक रात्र पण नाही.

लाईट लावला, बुजगावणं केलं, रेडिओ लावला, सगळं करून बघितलं. आठवड्यात त्यांना कळतं.

पशुवैद्य_आप्पा
ताईंनी सगळंच सांगितलं. करडांसाठी एवढंच की रात्री आईजवळ मोकळं सोडू नका, कुडाच्या किंवा जाळीच्या खोलीत वरून झाकून. झटका मशीन (कुंपणाच्या तारेत हलका शॉक सोडणारं) लावायचं तर बॅटरीवरचं, कंपनीचं. लाईनचा करंट तारेत सोडायचा विचार सुद्धा करू नका, त्यानं जनावराआधी माणसं मेलीत नी केस होते ती वेगळी.

थिमेटचं पण बोलून टाकतो. विषाचा तुकडा कोण खाईल हे तुमच्या हातात नाही. तुमचं कुत्रं, शेजाऱ्याचं कुत्रं, घार, मुंगूस, नी ते मरून विहिरीत पडलं तर पुढचं बघायलाच नको. खोकड नी कोल्हा दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, विष घालताना सापडलात तर करडाच्या किमतीपेक्षा वकील महाग पडेल.

माळकरी_धाराशिव
भरपाईचं कोणी बोललं नाही म्हणून. लांडगा, तरस, कोल्हा, बिबट्या यांनी शेळी-मेंढी मारली तर वनखात्याकडून पैसे मिळतात, पण जनावर जागेवरनं हलवायचं नाही, लगेच कळवायचं, १९२६ नंबर आहे वनखात्याचा, नी पंचनामा झाल्याशिवाय काही नाही. कुत्र्यानं मारलेल्याला त्यात काही मिळत नाही. म्हणूनच पुष्कळ पंचनाम्यात कुत्र्याचा लांडगा होतो, हे पण खरंय 🙂

गंगाखेडकर
राख टाकली होती. सकाळी पावलं उमटली, अरुंद, नखं दिसतात, खुराड्याला दोन फेऱ्या मारून गेलेलं. पिसांची देठं पण चावलेलीच आहेत. म्हणजे कोंबड्या खोकड नेतंय नी करडू कुत्र्यांनी मारलं. घरी हे सांगितलं तर आई म्हणती मग दोघांचाही बंदोबस्त कर. वेल्डमेशचा भाव काढलाय. पोल्ट्रीवाल्याकडं ग्रामपंचायतीचे दोन मेंबर घेऊन जाणार आहे, खड्डा करून चुना टाकून पूर म्हणायचं, नाही ऐकलं तर अर्ज. काकांनी मात्र तोंड फिरवलंय, त्यांचं म्हणणं इंटरनेटवाल्यांचं ऐकून खोकड पाळायलाय.

अजून एकच, ते बीळ तिथं किती दिवस राहील? पुढच्या पेरणीला तो माळाचा तुकडा मोडायचा विचार होता.

माळकरी_धाराशिव
पिल्लं बाहेर खेळताना दिसायला लागली की समजा पावसाळ्यापर्यंत थोडीफार हालचाल राहील, नंतर पिल्लं पांगतात. बिळाला चार-पाच तोंडं असतील, सगळी बघून ठेवा, ट्रॅक्टर आत्ता घालू नका. नी खरं विचाराल तर मुरमाड माळ मोडून तुम्हाला तूर किती होणार? खालच्या काळ्या रानातल्या हरभऱ्याचे उंदीर कोण खातंय ते पण बघा एखाद्या संध्याकाळी, मोबाईल सायलेंट करून, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसा.

लातूरी_पाटील
चुलत्याला फोन केला होता. कोंबड्या नंतर पण गेल्या म्हणतोय. ताई ती वेल्डमेश कुठल्या गेजची घेतली?

अंबाजोगाईची_ताई
गेज बघून सांगते, बिल कपाटात आहे. जरा जाडच घ्या, हातानं वाकत असंल तर घेऊ नका.